भिंतीपलीकडचं विरजण

परवा पोरानं मला वाशीमच्या डॉक्टरकडे नेलं. दाढ काढली होती, त्यावर पाच दिवस कॅप्सूल खाल्ल्या आणि पोट बिघडलं. डॉक्टर म्हणजे पोरगाच, मिशीही नीट फुटलेली नाही. त्यानं एक गोळी लिहून दिली अन् म्हणाला, "आजोबा, हिच्यात जिवंत जंतू आहेत. चांगले असतात ते. पोटात जाऊन राहतात."

मी म्हटलं, "भाडं कोण देते, ते का मी?"

मग मला हसू आलं. असं आलं की कवळी हातात धरावी लागली. माझा पोरगा घाबरला, डॉक्टर घाबरला. त्यांना काय माहीत, हेच जंतू मी जवानीत एकेक करून मारले होते, साबण लावून, पावडर टाकून, अन् त्यापायी माझ्या बायकोनं अकरा दिवस माझ्याशी बोलणं टाकलं होतं.

हा किस्सा आमच्या घरी तीच सांगायची. मी सुरू केला की मधेच तोंड घालायची, "तुमी राहू द्या, तुमाले नाही येत." पोळ्याच्या आठ दिवस आधी ती गेली. आता मधे तोंड घालायला कुणी नाही. सबंध किस्सा माझ्याच हातात आला आहे. मला तो नीट येत नाही, हे खरं आहे. तरी सांगतो.

बाहत्तरचा दुष्काळ सरून दोन पावसाळे झाले होते. आमचं गाव किन्हीराजाच्या अलीकडं. शाळा दोन खोल्यांची, त्यातल्या एका खोलीत आरोग्याचं शिबिर भरलं. शहरातून एक डॉक्टर आला. सोबत लाकडी पेटी, पेटीत भिंगाचं यंत्र. सगळं गाव गोळा झालं. यंत्रात डोळा लावला की बारीक गोष्ट मोठी दिसते म्हणे. गावातल्या एकानं लगेच विचारलं, यात ठेवून वावर मोठं होते काय.

डॉक्टर म्हणाला, "कोणाचं तोंड अगदी स्वच्छ आहे? त्यानं पुढे यावं."

मी उठलो. मी रोज लिंबाची काडी चावणारा, वरून राखुंडी अन् मीठ. गावात माझ्याइतके पांढरे दात कुणाचे नव्हते, अन् हे मी सगळ्यांना सांगत असे.

कोपऱ्यातून आवाज आला, "याचं तोंड साफ? चार वर्षांपासून मले शिव्या देऊन राह्यला त्या तोंडानं."

हा माझा चुलतभाऊ. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. हे तो माझ्याशी बोलला नाही. समोरच्या भिंतीशी बोलला. आमचं बोलणं बंद होतं.

बंद कशापायी, तर बोरीपायी. आमच्या दोघांच्या वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे मधल्या बांधावर, एक बोर होती. खोड त्याच्या बाजूला, अर्ध्या फांद्या माझ्या. माझ्याकडं पडलेली बोरं मी खायचो. एक दिवस तो म्हणाला, "झाड काय तुया बापानं लावलं?" आता आमच्या दोघांच्या बापांचा बाप एकच. त्यानं लावलं होतं. म्हणून त्या प्रश्नाला नीट उत्तर नव्हतं, अन् नीट उत्तर नसलं की माणूस काठी उचलतो. लागलं कुणालाच नाही. पण बोलणं गेलं. घरं लागून होती, मधे एकच भिंत. त्या भिंतीत आरपार एक देवळी होती, तिच्यातून बाया एकमेकींना विस्तव द्यायच्या, मीठ द्यायच्या. भांडणाच्या दुसऱ्या दिवशी मी ती देवळी वीट घालून, चिखल लावून बुजवून टाकली. वरून शेणानं सारवली. लय समाधान वाटलं.

तर शिबिरात डॉक्टरनं काडीनं माझ्या दाढेवरचं खरवडून काढलं, काचेवर लावलं, यंत्रात ठेवलं. म्हणाला, "पाहा."

मी पाहिलं. तिथं जत्रा भरली होती. काही काड्यांसारखे, काही ठिपके, काही माळ करून चाललेले. एक तर वळवळत वळवळत मधोमध आला अन् मला रामराम केल्यासारखा करून गेला.

"हे काय हाय?"

"तुमच्या तोंडातले जंतू. असेच पोटात आहेत, कातडीवर आहेत, काखेत आहेत. तुमच्या अंगावर जितके आहेत तितकी माणसं सगळ्या जिल्ह्यात नाहीत."

डॉक्टर पुढं बोलतच होता. पण मी तिथं नव्हतो. मी शाळेच्या बाहेर थुंकत होतो. शाळेपासून घरापर्यंत मी थुंकत आलो. पुढं डॉक्टर काय म्हणाला ते मी ऐकलं नाही. ही माझी चूक. पुढचं सगळं रामायण तिथून झालं.

दुसऱ्या दिवशी मी लढाई पुकारली.

पहिला मोर्चा कातडीवर. आमच्या वाशीमकडच्या मालेगावच्या बाजारातून लाल कार्बोलिक साबणाच्या सहा वड्या आणल्या. दिवसातून तीनदा आंघोळ. आंगघासणी दगडानं असा घासायचो की बैल मान वळवून पाहायचे. बायको म्हणे, "अवो, कढई हाय का तुमी?" आठ दिवसांत माझ्या अंगाची कातडी उन्हाळ्यातल्या काळ्या रानासारखी भेगाळली. जांघेत गजकर्ण उठलं, चांगलं गोल गोल, नक्षी काढल्यासारखं. मला वाटलं, जंतू मरताना तडफडून राहिले, म्हणून खाज सुटते. मी अजून घासलं.

दुसरा मोर्चा पोटात. मालेगावात एक कंपाउंडर होता, त्याचा डॉक्टर मेल्यावर तोच डॉक्टर झाला होता. त्यानं मागं मला मांडीवरच्या फोडासाठी अर्ध्या लाल अर्ध्या काळ्या कॅप्सूल दिल्या होत्या, पाच दिवसांच्या. फोड बसला होता. मी हिशेब केला, पाच दिवसांत एका फोडाचे जंतू मरतात, तर सगळ्या देहाचे मारायला महिना पाहिजे. गेलो, मागितल्या. त्यानं दिल्या. का पाहिजेत, हे त्यानं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. आम्ही दोघंही सारखेच शिकलेले.

आठव्या दिवशी पोट वाहायला लागलं. हगवण म्हणजे अशी की सांगायची सोय नाही, पण सांगतो. आमच्या घरापासून नाल्यापर्यंत पाऊण फर्लांग. पहिल्या दिवशी मी चालत जायचो. दुसऱ्या दिवशी पळत. तिसऱ्या दिवशी टमरेल घरी विसरून पळायचो. पाचव्या दिवशी मी नाल्यावरच बसून राहिलो, जायचं-यायचं कशाला. गावातली माणसं वाटेनं जाताना तिथंच रामराम घालायची. एकजण तर बी-बियाण्याबद्दल बोलत अर्धा तास उभा राहिला. मी म्हटलं, जा बापा आता. तर म्हणतो, "मले काही घाई नाही."

मला वाटलं, मेलेले जंतू बाहेर पडून राहिले. चांगलंच आहे. अजून कॅप्सूल खाल्ल्या.

तिसरा मोर्चा स्वयंपाकघरात. इथं मी मेलो.

आमच्या चुलीमागं एक मातीचं गाडगं असायचं, काळं, गळ्याशी तुपकट. त्यात दही लागायचं. त्या दह्याचं विरजण बायकोनं मेडशीहून आणलं होतं, तिच्या माहेरून. लग्नाच्या बैलबंडीत ती बसली तेव्हा मांडीवर हेच गाडगं होतं, फडकं बांधलेलं. बाकीच्या नवऱ्या रडत येतात. ही दही सांडू नये म्हणून ताठ बसून आली. मला वाटलं, काय करारी बाई आहे. मग लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तिची माय वारली. मायचा फोटो नव्हता, लुगडं भावजयीकडं गेलं, डोरलं भावाकडं. हिच्याकडं ते दही तेवढं होतं. रोज रात्री दूध कोमट झालं की ती करंगळी त्यात बुडवायची, "राम" म्हणायची, अन् तेवढा वेळ बोट टिकलं तर दूध बरोबर. मग चमचाभर कालचं दही त्यात. तिची माय असंच करायची. बोट बुडवायची, राम म्हणायची.

मी हे लग्नापासून पाहत होतो. पण आता मला भिंगाचे डोळे फुटले होते. एके दिवशी पाहतो तर ती म्हशीला पाणी दाखवून आली, हात लुगड्याला पुसले अन् करंगळी दुधात!

मला भोवळ आली.

दुसऱ्या दिवशी ती कापूस वेचायला गेली. मी कोतवालाकडून विहिरीत टाकायची पांढरी पावडर मागून आणली. घरातली सगळी भांडी घंगाळात बुडवली. गाडग्यातलं दही उकिरड्यावर ओतलं, कोंबड्यांनी खाल्लं. गाडगं आतून पावडरीनं घासलं, तीनदा. ते पांढरंफट झालं. त्याला दवाखान्यासारखा वास येऊ लागला. मी ते ओट्यावर उन्हात मांडून ठेवलं, तिला आल्या आल्या दिसावं म्हणून. शाबासकी पाहिजे होती मला. खरंच सांगतो.

ती आली. डोक्यावर कापसाचं गाठोडं. तिनं गाडगं पाहिलं, गाठोडं खाली टाकलं, गाडगं उचलून नाकाशी नेलं.

"दही कोठी हाय?"

"उकिरड्यावर. जंतू व्हते त्यात. तुले माहीत नाही, मी यंत्रात पाह्यले."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ओरडणारी बाई होती, मला त्याची सवय होती. ती खाली बसली. गाडगं मांडीवर घेतलं, तसंच, बंडीत घेतलं होतं तसं. म्हणाली, "मायचं येवढंच व्हतं मायाजवळ."

अन् त्यानंतर अकरा दिवस बोलली नाही.

भाकर मिळायची. समोर आपटून मिळायची. पण ताक नाही, कढी नाही. कोरडी भाकर, कोरडी चटणी, अन् माझं पोट तर नाल्याच्या वाटेवर. म्हशीचं दूध ती सगळं तापवून रेडकाला पाजायची. रेडकू फुगलं, मी वाळलो. तिसऱ्या दिवशी माझ्या ध्यानात आलं की जंतू मारायच्या भानगडीत मी भलतंच काही मारलं आहे. जंतू गेले खड्ड्यात. ते विरजण परत आणायचं, एवढंच काम आता राहिलं होतं.

आधी सोपी वाट पाहिली. मालेगावात किराण्याचं दुकान होतं एका जैन शेठचं, माणसं लय चांगली. शेठाणीला म्हटलं, "बाई, जरा जुनं विरजण द्या."

ती हसली. "भाऊ, आमच्यात जुनं दही ठेवत नाहीत. दह्याची मर्यादा असते. आमी दर वेळी नवं लावतो, मिरचीच्या देठांवर."

"मिरचीच्या?"

"लाल मिरचीची देठं दुधात टाका, सकाळी दही."

तिनं मूठभर देठं दिली. मी घरी येऊन लपून लावलं, त्याच पावडरीच्या गाडग्यात. शेठाणीकडं त्याचं उत्तम दही होत असेल, तिचा काही दोष नाही. माझ्याकडं सकाळी जे झालं त्याला तार सुटत होती. बोट बुडवून वर नेलं तर तार कमरेपर्यंत आली. मी ते बायकोपुढं ठेवलं. तिनं पाहिलं, तार पाहिली, माझ्याकडं पाहिलं, अन् ती वाटी रेडकापुढं नेली. रेडकानंही तोंड फिरवलं.

मग मेडशी. माहेरच्या घरी तर तेच विरजण असणार! हे आधी का सुचलं नाही, म्हणून मी स्वतःला शिव्या दिल्या अन् सकाळची एसटी धरली. मालेगावला बदलायची होती. माझ्या पोटानं मालेगावापर्यंत दोनदा गाडी थांबवली. पुढं तिसऱ्यांदा घंटी मारायला सांगितली तेव्हा कंडक्टर म्हणाला, "पाव्हणं, एष्टी हाय ही, तुमची बंडी नाही." मी म्हटलं, "भाऊ, थांबवत नसशीन तं तूच पाय मंग." त्यानं माझ्या तोंडाकडं पाहिलं अन् लगेच घंटी मारली. मी कपाशीच्या पऱ्हाटीतून परत आलो तेव्हा सगळी एसटी खिडकीत. एक म्हातारा म्हणाला, "झालं काय बापा? चाला मंग, मायी लेक वाट पाहून राह्यली."

साळ्याच्या घरी साळा नव्हता, त्याची बायको होती. मी पाण्याआधी विरजण मागितलं.

ती म्हणाली, "आमच्याकडं कोठी आता ते? सासूबाई गेल्या, मंग म्हैस आटली, आमी इकली. ते विरजण तवाच मोडलं. आता शेजारून आणतो."

मी मटकन खाली बसलो. सगळं सांगितलं. यंत्र, साबण, गाडगं, तार. ती आधी तोंडाला पदर लावून ऐकत होती, मग पदर खांद्यावर गेला अन् ती मोकळी हसायला लागली.

"काय झालं?"

"पाव्हणं, इकडं कायले आले तुमी येवढ्या दूर? ते विरजण तं तुमच्या भिंतीपलीकडं हाय! वन्संनी मले दिवाळीले सांगतलं. जावेले देतात म्हने त्या. भिंतीतल्या भोकातून."

मी म्हटलं, "भोक तं मी बुजवलं."

"तुमी बुजवलं. त्यांनी उघडलं."

परतीच्या एसटीत मी दोनदाच उतरलो. रागानंही पोट आवळतं.

घरी आलो, बायको म्हशीकडं होती. मी भिंतीपाशी गेलो, फडताळ सरकवलं. वीट तशीच होती, सारवलेलीही होती. हात लावला तर वीट दारासारखी बाहेर आली. मागं वाटीएवढी वाट. चार वर्षं माझ्या बायकोनं माझ्याच भिंतीतून माझ्याच वैऱ्याला माझ्याच म्हशीचं दही दिलं होतं, अन् दर सणाला वरून सारवून ठेवलं होतं. आता कळलं, ती स्वतः ते विरजण परत का आणत नव्हती: आणलं असतं तर भोक उघडं पडलं असतं.

मला रागवायला वेळ नव्हता. तसाच पलीकडं गेलो. चार वर्षांत पहिल्यांदा. वहिनी तुळशीपुढं दिवा लावत होती. मला पाहून तिच्या हातातली काडी विझली. मी म्हटलं, "वैनी, विरजण पायजे."

ती हळूच म्हणाली, "भावजी, दिवा लागला. लागल्या दिव्यावर विरजण देत नसतात, घरची लक्ष्मी जाते. सकाळी या."

आतून भावाचा आवाज आला, भिंतीशी बोलल्यासारखा, "अन् आंघोळ करून येजो म्हणा. तिनदा."

सकाळी उजाडल्याबरोबर मी त्याच्या ओट्यापाशी. तो काडी चावत बसला होता. मुद्दाम हळू हळू चावत होता.

"काहून आला बे?"

"भाऊ, विरजण दे."

"आता भाऊ झालो काय मी? चार वर्षांपासून तं 'तो पलीकडचा' व्हतो."

"चुकलं माझं."

"बोर कोणाची?"

पोटात गुडगुड झाली.

"तुयी."

"फांद्या?"

"फांद्याबी."

"बोरं?"

"बोरंबी तुयीच."

"अन् खाली पडलेली?"

"अरे, पडलेली तरी राहू दे ना!"

"मंग जाय घरी."

पोटातून असा आवाज आला की त्याचा कुत्रा उठून उभा राहिला. मी ओट्याचा खांब धरला. म्हटलं, "पडलेलीबी तुयी, सडलेलीबी तुयी! आता लवकर दे, नाही तं इथंच तुया ओट्यावर..."

तो ताडकन उठला. "दे वं, दे याले! ओटा कालच सारवला!"

मी नाल्यावर जाऊन आलो. परत आलो तेव्हा त्यानं मला बसायला पोतं टाकलं होतं. वहिनी आत विरजण काढत होती. तो म्हणाला, "तू शिबिरातून पळाला ना? थुंकत थुंकत?"

"मंग?"

"मी शेवटपर्यंत बसलो. शेवटी केळं देऊन राह्यले व्हते. डॉक्टर मागून काय म्हणे माहीत हाय? म्हणे, घाबरू नका, यातले बहुतेक आपल्या कामाचे. पोटात अन्न जिरवतात, कातडीवर पहारा देतात. राखणदार हायत ते. वाईट असतात थोडे, पण राखणदार जागा असला तं त्यायले वावरात शिरता येत नाही." तो थुंकला. "अन् तू काय केलं? चोर धरायले राखणदारच मारून टाकला. मंग हुरडा चोरच खातीन. साबण कमी कर, त्या गोळ्या फेक, अन् ताक पे."

मला एवढा संताप आला. "हे तुले महिन्याआधी नाही सांगता आलं?"

"बोलणं बंद व्हतं ना आपलं," तो म्हणाला. "वहिवाट कशी मोडीन मी?"

मग हातातली काडी फेकून तो म्हणाला, "चार वर्षांपासून मी तुयाच घरचं दही खातो बे. मले माहीत व्हतं."

मी विचार करत राहिलो. म्हणजे मी भिंतीच्या अलीकडून त्याला शिव्या देत होतो, तेव्हा माझ्या पोटातले जंतू त्याच्या पोटातल्यांचे सख्खे सोयरे होते. ते बिचारे काय म्हणत असतील, मालक का ओरडून राहिले?

वहिनीनं वाटी दिली, वर पदर धरून. मी ती दोन्ही हातांनी घरी नेली, ताठ चालत, एक थेंब सांडू न देता. बायको चुलीपाशी होती. वाटी पुढं ठेवली. तिनं वास घेतला. करंगळी बुडवली, चाटली. डोळे मिटले. बराच वेळ मिटलेलेच होते.

मग अकरा दिवसांनी पहिल्यांदा बोलली. "आंघोळ करून आले काय?"

"नाही."

"बरं केलं," ती म्हणाली.

पावडरीचं गाडगं तिनं फोडलं, कुंभाराकडून नवं आणलं. मी कॅप्सूल नाल्यात टाकल्या. रोज दोन पेले ताक. पोट आठ-दहा दिवसांत जागेवर आलं, गजकर्ण जायला महिना लागला. देवळीतली वीट मी स्वतः काढली. बोर भावाचीच राहिली. पडलेली बोरं तो मोजून नेतो की काय, असं मला वर्षभर वाटायचं, पण त्याला तेवढी मोजणी येत नव्हती.

हे इथपर्यंत तीही सांगायची. पुढचं तिला माहीत नाही.

ती गेली त्याच्या दहाव्या दिवशी घर सुतकातून निघालं. रीत आहे, घरातली मातीची भांडी फेकतात. बायांनी माठ फेकला, मडकी फेकली, गाडगंही फेकलं. कुणाची चूक नाही. मी मुंडण करून नदीवरून आलो, चुलीमागं पाहिलं तर जागा मोकळी. खाली राखेत गाडग्याच्या बुडाचा गोल उमटलेला. सून म्हणाली, "बाबा, फ्रीजमधे पाकिटाचं दही हाय ना, पाह्यजे काय?" मी त्या गोलाकडं पाहत बसलो. माझ्या आयुष्यात ते विरजण दोनदा मेलं, अन् दुसऱ्यांदा तर मी काहीच केलं नव्हतं.

भावाच्या घरीही सुतक होतं, भाऊबंदच ना. त्याच्या घरचीही मडकी गेली असणार. म्हणून तिकडं जायचं मला सुचलंच नाही.

संध्याकाळच्या आधी काठी टेकत तोच आला. वहिनी जाऊन सहा वर्षं झाली, आता त्याला ऐकू कमी येतं म्हणून तो ओरडून बोलतो. हातात स्टीलचा डबा.

"दिवे लागाच्या आंत आणलं, पाय!"

"तुयाकडं कसं राह्यलं? सुतक व्हतं ना?"

"काय?"

"सुतक! सुतक!"

"ते मातीच्या भांड्याले असते," तो ओरडला. "मी डब्यात काढून गोठ्यात टांगलं. इस्टीलचं सुतक कोण्या पोथीत लिहेल नाही."

डबा मांडीवर ठेवून तो बसला. उठताना म्हणाला, "बोर अजून मायीच हाय."

बोर कधीच वठली आहे. मी म्हटलं, "तुयीच हाय."

तेव्हापासून दही मी लावतो. नवं गाडगं आणलं. पहिले चार दिवस ते लागलंच नाही नीट, कधी पातळ, कधी आंबट ढाण. भाऊ रोज वाटी घेऊन येतो, खातो, नावं ठेवतो, दुसरी वाटी मागतो. डॉक्टरची गोळी मी घेतली नाही. पोराला म्हटलं, माझे घरी आहेत.

दूध कोमट झालं की करंगळी बुडवावी लागते. ती राम म्हणायची. मी तिचं नाव घेतो. सगळं आयुष्य उखाण्याशिवाय कधी घेतलं नव्हतं. तीन अक्षरं आहेत, रामाहून एक जास्त, म्हणून बोट जरा भाजतं.

सून दारातून विचारते, "बाबा, हात धुतले काय?"

मी म्हणतो, हो. धुतलेले नसतात.